बेळगावात खरा चीजकेक कुठं मिळतो? आणि घरी करायचा तर क्रीम चीजचा की चक्क्याचा?

टिळकवाडीकरीण
नमस्कार मंडळी. कुंद्याच्या (आटवलेल्या दुधाच्या मिठाईच्या) गावात चीजकेकचा धागा बघून काहींना नवल वाटेल, पण हल्ली वाढदिवस असो की कॉलेजच्या पोरांची पार्टी, चीजकेक हवाच असतो. मागितल्यावर हातात काय येतं? प्लास्टिकचा कप, तळाला बिस्किटाचा चुरा, मध्ये गोड व्हिप क्रीम आणि वर ब्लूबेरीच्या नावाची जांभळी जेली. चीज त्यात औषधालाही नसतं. पदार्थ म्हणून तो खायला वाईट नाही, फक्त चीजकेक म्हणून विकू नये असं मला मनापासून वाटतं.

मी ज्याला चीजकेक म्हणते तो भाजलेला, आंबटगोड, जड पण मऊ. कापताना सुरीला थोडा चिकटला पाहिजे. तर दोन गोष्टी विचारायच्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक या आपल्या पट्ट्यात असा चीजकेक कुणी करून देतं का? आणि घरी करणाऱ्यांनी नेमकं काय वापरलं? मी स्वतः म्हशीच्या दुधाच्या चक्क्याचा करते. माझं ठाम मत आहे की बाहेरून मागवलेल्या क्रीम चीजपेक्षा आपल्याकडच्या चक्क्याला जास्त चव आहे. पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

निपाणीकर
ताई, निपाणीत क्रीम चीज शोधायला गेलं की दुकानदार चीज स्प्रेडचा डबा पुढं करतो. ते खारट, त्याचा केक होत नाही. आम्ही कोल्हापूरला कामानिमित्त गेलो की बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणतो. तयार चीजकेक इथं मिळत नाही, म्हणजे मला तरी भाजलेला मिळालेला नाही. तुमची चक्क्याची कृती सविस्तर टाका की.

कॅम्पातला_ओव्हन
कॅम्पातल्या बेकऱ्यांवर वाढलेला माणूस आहे मी, आता घरीच बेकिंग करतो. वरच्या कपाबद्दल एक सांगतो. तो प्रकार बऱ्याच अंशी गोव्याच्या सेराडुराजवळ जातो. मारी बिस्किटाचा भुगा आणि कंडेन्स्ड मिल्क घालून फेटलेलं क्रीम, असे थरावर थर. पोर्तुगीज वळणाचा गोड पदार्थ, पणजीत सगळीकडं मिळतो आणि चांगला असतो. तो सेराडुरा म्हणून विकला तर मीही आनंदानं घेईन.

आता चीज. अमेरिकेत क्रीम चीज म्हणून विकायचं तर त्यात दुधातली स्निग्धता किमान ३३ टक्के आणि पाणी जास्तीत जास्त ५५ टक्के, असा नियमच आहे. आपल्याकडं म्हशीच्या दुधात स्निग्धता ६ ते ८ टक्के. त्याच्या दह्याचा चक्का टांगला तर एक किलो दह्याला साधारण ४०० ग्रॅम उतरतो, म्हणजे चक्क्यात फार तर १५ ते २० टक्के भरेल. हा फरक भरून काढला नाही तर चक्क्याचा चीजकेक भाजल्यावर रवाळ होतो आणि कडेनं पाणी सोडतो. चक्का वापरायला माझी हरकत नाही, पण नुसता चक्का नको.

टिळकवाडीकरीण
अगदी बरोबर बोललात, म्हणून मी घरचं लोणी घालते. पातेल्यात विरजण लावून घुसळलेलं, ताक पूर्ण धुऊन काढलेलं, बिनमिठाचं. ४०० ग्रॅम चक्क्याला ६० ग्रॅम लोणी.

निपाणीकर, कृती अशी. म्हशीचं बिनपाण्याचं दूध उकळून कोमट करायचं आणि विरजण लावायचं. दही लागलं रे लागलं की फ्रिजमध्ये. बाहेर ठेवून आंबू द्यायचं नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवायचं, वर वजन, रात्रभर. सकाळी चक्का इतका घट्ट हवा की चमचा उभा राहील. मग श्रीखंडासारखा पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढायचा. मिक्सरमध्ये फिरवू नका, पातळ होतो.

तळाला १५० ग्रॅम साधी बिस्किटं, ७० ग्रॅम वितळलेलं लोणी, मूठभर चंदगडचे काजू भाजून भरडलेले. १८ सेंटिमीटरच्या डब्यात दाबून बसवायचं आणि १६० अंशांवर दहा मिनिटं भाजायचं. वरच्या मिश्रणासाठी चक्का, लोणी, १२० ग्रॅम पिठीसाखर, १०० मिली ताजं क्रीम, दोन अंडी, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, लिंबाची किसलेली साल. सगळं खोलीच्या तापमानाला आल्यावरच एकत्र करायचं, नाहीतर लोण्याच्या गुठळ्या राहतात आणि त्या मोडायला फेटत बसलं की हवा भरते. अंडी शेवटी, फक्त मिसळण्यापुरती. १५० अंशांवर पाऊण तास. बाहेरची कड बसलेली आणि मधला वाटीएवढा भाग हलवल्यावर थरथरणारा, तिथं बंद करायचं.

वडगावची_वैनी
वाचूनच भूक लागली. माझ्या चीजकेकला मधोमध लांब भेग पडते हो. चव छान असते, पण पाहुण्यांपुढं ठेवायचा तर वरून क्रीम लिंपावं लागतं. भेग का पडते?

कॅम्पातला_ओव्हन
वैनी, भेगेमागचं मुख्य कारण एकच, जास्त भाजणं. चीजकेकला केकसारखं मैद्याचं बळ नसतं, अंड्यातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. मध्यभागाचं तापमान ६५ ते ७० अंशांवर पोचलं की ती पुरेशी जमलेली असतात. त्यापुढं तापवत राहिलं की ती आवळतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि पृष्ठभाग ताणून फाटतो. सुरी घालून ‘कोरडी आली का’ बघायची साध्या केकची पद्धत इथं चालत नाही. सुरी कोरडी निघेपर्यंत तो जास्त भाजलेला असतो.

दुसरं, मिश्रणात हवा भरली असेल तर ओव्हनमध्ये ते फुगतं आणि बाहेर काढल्यावर बसतं, बसताना तडा जातो. तिसरं, कडा डब्याला चिकटलेल्या असल्या की थंड होताना केक आकसतो आणि मधून उकलतो. डब्याला आतून लोणी लावा, आणि बाहेर काढल्यावर कडेनं पातळ सुरी फिरवा. ओव्हन बंद केल्यावर दार थोडं उघडं ठेवून तासभर आतच राहू द्या, एकदम बाहेरच्या गार हवेत काढू नका. आपल्या बेळगावच्या डिसेंबरात तर मुळीच नको.

पाण्याच्या ट्रेमध्ये डबा ठेवून भाजतात तेही यासाठीच. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळं कडा मधल्या भागाच्या फार आधी शिजत नाहीत. सुट्या तळाचा डबा असेल तर पाणी आत शिरतं आणि बिस्किटांचा लगदा होतो, म्हणून मी खालच्या जाळीवर उकळत्या पाण्याचा ट्रे ठेवतो आणि वरच्या जाळीवर डबा. छोट्या ओटीजीत, म्हणजे टेबलावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, तेवढ्यानं काम भागतं.

शहापूरचा_श्रावक
आमच्या घरात अंडं चालत नाही आणि जिलेटिनही नाही, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. बेळगावात आमच्यासारखी जैन आणि लिंगायत घरं भरपूर आहेत. दुकानातल्या ‘एगलेस’ चीजकेकमध्ये जिलेटिन असतं आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. अंडं नाही म्हणजे शाकाहारी झालं असं नव्हे.

न भाजता चीजकेक जमवायला आम्ही चायना ग्रास वापरतो. समुद्रातल्या शेवाळापासून केलेलं असतं, किराणा दुकानात पट्ट्या किंवा पावडर मिळते. एक सपाट छोटा चमचा पावडर १५० मिली पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळायची, नुसती गरम करून ती विरघळत नाही. मग चक्का, क्रीम आणि साखरेच्या मिश्रणात ओतायची. मिश्रण फ्रिजमधून काढलेलं गार असेल तर चायना ग्रास तिथल्या तिथं गोठतं आणि दाणे पडतात, म्हणून आधी बाहेर ठेवून मऊ करून घ्या. जिलेटिन उन्हाळ्यात टेबलावर वितळायला लागतं. चायना ग्रासचा चीजकेक एप्रिलच्या जेवणावळीतही उभा राहतो.

टिळकवाडीकरीण
दादा, ही माहिती फार मोलाची. अंड्याशिवाय भाजूनही करता येतो बरं का. चक्का ४००, मऊ ताजं पनीर २०० मिक्सरला अगदी लोण्यासारखं वाटून, कंडेन्स्ड मिल्क ३०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दोन चमचे. साखर वेगळी नको. तो थोडा बंगाली भापा दोईकडं, म्हणजे वाफवलेल्या गोड दह्याकडं झुकतो, पण माझ्या सासूबाईंना हाच आवडतो.

मूळ_गोकाकचा
सध्या नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आहे, गाव गोकाक. इथला म्हणून जो प्रसिद्ध न्यूयॉर्क चीजकेक आहे, त्याची गंमत अशी की त्याचं क्रीम चीजही न्यूयॉर्क राज्यातलंच. चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्स यांनी १८७२ मध्ये ते काढलं आणि १८८० मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव मिळालं. फिलाडेल्फिया शहराशी उत्पादनाचा संबंध नव्हता, त्या शहराच्या दुधदुभत्याचा लौकिक मोठा होता म्हणून ते नाव. ब्रुकलिनमधलं ज्युनिअर्स १९५० पासून आहे. त्यांच्या चीजकेकला तळाला बिस्किटाऐवजी पातळ स्पंज केक असतो. मी खाल्लेल्यांत तो वरच्या क्रमांकावर ठेवीन.

तरी माझं मत टिळकवाडी ताईंच्या बाजूनं. जर्मनीत क्वार्कचा करतात, इटलीत रिकोटाचा (दोन्ही तिथली ताजी मऊ चीजं), ओडिशात नयागडकडं छेना भाजून छेनापोडा करतात. ज्या मुलखात जे ताजं मिळतं त्याचाच चीजकेक तिथं चांगला होतो. अथणी-चिकोडीकडच्या म्हशीचं दूध ज्यानं प्यायलंय त्याला डब्यातल्या चीजचं अप्रूप का वाटावं?

कॅम्पातला_ओव्हन
मी इथं थोडा अडतो. क्रीम चीजचा चिकट, दाट पोत चक्क्याला येत नाही. लोणी घातलं तरी जिभेवर तो वेगळाच लागतो. न्यूयॉर्कसारखा हवा असेल तर क्रीम चीज घ्यावंच लागेल. अर्धं-अर्धं करा असं मी सुचवेन. २५० ग्रॅम क्रीम चीज, २५० ग्रॅम चक्का. पैसेही वाचतात आणि चक्क्याचा आंबटपणाही राहतो.

टिळकवाडीकरीण
पोताबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण मला न्यूयॉर्कची नक्कल करायची नाहीच. मला आपल्याकडचा चांगला चीजकेक हवाय.

खानापूरची_माई
मी वयानं मोठी आहे, लेक टाईप करून देतेय. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात मे महिन्यात करवंदं येतात. ती चीजकेकवर घालून बघा, ब्लूबेरीची आठवण राहायची नाही. पिकलेली काळी करवंदं मिठाच्या पाण्यात धुवायची, चीक जातो. थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घोटून बिया काढायच्या. गराच्या निम्म्यानं साखर घालून पुन्हा पाच-सात मिनिटं उकळायचं. करवंदात पेक्टिन भरपूर, त्यामुळं बाहेरून काही न घालता छान दाटतं. रंग गडद लाल. पूर्ण गार झाल्यावर केकवर पसरायचं. जांभळाचं पण होतं, पण त्याचा तुरटपणा सगळ्यांना आवडत नाही.

वडगावची_वैनी
माई, या मे महिन्यात नक्की. आणि हापूस? माझ्या मुलांना आंब्याचाच पाहिजे.

खानापूरची_माई
आंब्याचा रस मिश्रणात घालू नकोस गं, पाणी वाढतं. रस आटवून, मावा करतो तसा, मग घाल. नाहीतर वरून नुसत्या फोडी लाव, त्या सगळ्यात बऱ्या.

शहापूरचा_श्रावक
फळांवरून आठवलं. कच्चा अननस, पपई, किवी यांतल्या पाचक रसांमुळं जिलेटिन जमतच नाही, आणि दुधाच्या पदार्थाला कडवटपणाही येतो. अननस घालायचा तर आधी साखरेत शिजवून घ्यायचा.

खडेबाजारचा
सगळे एवढं लिहिताय, पण कुंद्याचं नाव कुणी काढेना! कुंदा चीजकेक का नाही? तळाला बिस्किटांवर कुंद्याचा पातळ थर, वर चक्का. कुंद्यात दूध आटून साखर तांबूस झालेली असते, तिच्या खमंगपणाला चक्क्याचा आंबटपणा झकास जुळतो. मी केलाय आणि घरच्यांनी डबा पुसून खाल्लाय. वरच्या मिश्रणात साखर निम्मी करायची आणि चिमूटभर मीठ घालायचं, एवढं पाळा.

काकतीवेसकर
मला हे पटत नाही. कॅम्पातल्या पुरोहितांचा कुंदा घरी आणला की तो वाटीत घेऊन खावा. त्याला बिस्किट आणि दह्याच्या मध्ये दाबायचं कशाला? दोन्ही पदार्थांचं नुकसान होतं.

खडेबाजारचा
काका, कुंद्यात दही असतंच की हो. दूध आटवताना दही घालूनच तो दाणेदार होतो. म्हणजे चक्का त्याला परका नाही. एकदा घरी या, खाऊन बघा, मग नको म्हणा.

काकतीवेसकर
येतो. पण कुंदा ताजा पाहिजे.

मूळ_गोकाकचा
आमच्या गोकाकच्या करदंटाचा (गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याच्या वडीचा) तळ करता येईल का, यावरही मी डोकं चालवलंय. अख्खा करदंट दाबून लावला तर गूळ फ्रिजमध्ये दगडासारखा होतो आणि सुरी चालत नाही. त्याऐवजी बिस्किटाच्या चुऱ्यातच तळलेला डिंक, भाजलेलं सुकं खोबरं, बदाम आणि अगदी थोडा गूळ मिसळावा. करदंटाची चव येते आणि तळ कापता येतो.

कॅम्पातला_ओव्हन
ज्यांच्याकडं साधा ओटीजी आहे आणि पाण्याच्या ट्रेची कटकट नको, त्यांनी बास्क पद्धतीचा करावा. स्पेनमध्ये सान सेबास्तियानला ला विन्या नावाचं छोटं खानावळवजा ठिकाण आहे, तिथून १९९० च्या सुमारास तो सुरू झाला आणि आता जगभर पसरलाय. तळाला बिस्किट नाही. डब्यात बटरपेपर चुरगाळून बसवायचा, क्रीम चीज, अंडी, साखर, क्रीम आणि चमचाभर मैद्याचं मिश्रण ओतायचं आणि २१० अंशांवर अर्धा तास. वरचा भाग मुद्दाम काळपट करतात, आत मऊ राहतो. भेगेची काळजीच नाही, ओबडधोबड दिसणं हेच त्याचं रूप. यात मात्र चक्का चालणार नाही, इतक्या आचेवर तो फाटतो.

निपाणीकर
मूळ प्रश्न राहूनच गेला. विकत कुठं घ्यायचा?

टिळकवाडीकरीण
होय. मी आजवर बघितलं त्यावरून लिहिते. बेळगावात भाजलेला चीजकेक मला दुकानांपेक्षा घरून ऑर्डर घेणाऱ्या बायकांकडं जास्त चांगला मिळाला. टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ भागात अशा बऱ्याच जणी आहेत. कुणाचं नाव किंवा नंबर परवानगीशिवाय इथं टाकू नका, त्यांच्या घरचे नंबर असतात. आपल्या गल्लीतल्या ग्रुपवर विचारलं की कळतं. ऑर्डर देताना सरळ विचारायचं, भाजलेला आहे का, चीज कुठलं, जिलेटिन आहे का, फळ ताजं की डब्यातलं. करणारीला आपल्या कामाचा अभिमान असेल तर ती आनंदानं सांगते. उडवाउडवी झाली तर पुढं बघा. नोंदणी केलेली असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी क्रमांक तिच्याकडं असतोच, तोही विचारायला संकोच नको.

निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूर जवळ. आपल्याला गोवा. चोर्ला घाटातून उतरून पणजी आणि उत्तर गोव्यातल्या कॅफेंमध्ये भाजलेला चीजकेक सहज मिळतो, फक्त दर पर्यटकांचे.

आणि एक मनापासून सांगते. तासाभराच्या वर प्रवास झालेला, काउंटरच्या काचेत दोन दिवस उभा राहिलेला चीजकेक कडेनं सुकतो आणि फ्रिजमधले सगळे वास ओढून घेतो. चांगला चीजकेक भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात छान लागतो, कारण रात्रभर फ्रिजमध्ये तो नीट बसतो. ती वेळ साधायची तर एक तर करणारी ओळखीची पाहिजे, नाहीतर आपण स्वतः.

अथणीची_सून
पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडं दूध घरचं आहे, दही-लोण्याची कमतरता नाही, पण ओव्हन नाही. कुकरमध्ये जमेल का? आणि माझी नणंद पुण्याला हॉस्टेलवर आहे, तिला पाठवता येईल का?

टिळकवाडीकरीण
जमेल की! जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात किंवा शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये तळाला जाळी ठेव, पेलाभर पाणी घाल, डब्यावर फॉईल घट्ट बांध, नाहीतर झाकणावरचं पाणी केकवर टपकतं. मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. वरून तांबूस होणार नाही, पण आत रेशमी होतो. बिस्किटाचा तळ मात्र वाफेत मऊ पडतो, म्हणून तळ न घालता कर आणि वाढताना बिस्किटाचा भाजलेला चुरा वरून भुरभुर. घरचं दूध असताना तुझा आमच्यापेक्षा चांगला होईल बघ.

कॅम्पातला_ओव्हन
पुण्याला पाठवायचं असेल तर आदल्या दिवशी केक पूर्ण गोठवा. आधी उघडा ठेवून कडक होऊ द्या, मग प्लास्टिक फिल्मचे दोन थर आणि वर फॉईल. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या जेल पिशव्यांबरोबर बसवा आणि रात्रीच्या बसनं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं द्या. सकाळी उतरवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवायला सांगा आणि संध्याकाळपर्यंत कापू नका म्हणावं. भाजलेला चीजकेक असा महिनाभरही टिकतो. चायना ग्रासचा गोठवू नका, पुन्हा वितळताना तो पाणी सोडतो. करवंदाचा गर किंवा आंब्याच्या फोडी वेगळ्या डब्यात द्या, नणंदबाई तिथं वरून लावतील.